जिन्यावरून पडली, असं मीच सांगितलं

"पोटात रक्त आहे," सर्जन मॅडम मशीनच्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "डाव्या बाजूला, स्प्लीनच्या भोवती. बरंच आहे. या कधी पडल्या?"

"परवा," मी म्हणाले.

"कशा?"

"जिन्यावरून."

हे खोटं होतं. दारव्ह्याच्या आमच्या घराला जिनाच नाही. पत्र्याचं, एक मजली, उंबरठा ओलांडला की अंगण. पण दोन दिवसांत हे खोटं मी दुसऱ्यांदा बोलत होते, आणि समोर स्ट्रेचरवर माझी आई पडलेली होती, ओठ पांढरे, कपाळावर गार घाम.

स्प्लीन म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या खाली, मुठीएवढा मऊ अवयव, रक्तानं भरलेला. त्याला चीर गेली की रक्त पोटातच साचतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हालाही बहुतेक माहीत नसेल, म्हणून आधी सांगते. हे मी लिहितेय ते जीपनं, काळी-पिवळीनं, मोबाइलवरून बोलावलेल्या शेअर गाडीनं रोज जाणाऱ्या प्रत्येकासाठी. रडगाणं म्हणून वाचू नका.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी दारव्ह्याहून यवतमाळला निघालो होतो. आईला डोळे दाखवायचे होते. मला छापखान्यातून पत्रकं आणायची होती. रुग्णांच्या हक्कांची पत्रकं. मजकूर माझाच. त्यात एक ओळ होती: 'सरकारी दवाखान्यात कोणाला घाबरू नका, काही लपवू नका.' वाचा आणि हसा.

जीप सुधाकरभाऊंची. आमच्याच गल्लीतले. माझ्या दहावीच्या पेपरांना हेच मला सोडायचे. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली हे कोण ठरवणार, तर ड्रायव्हर. त्या दिवशी चौदा जण होतो. मी सगळ्यात मागच्या आडव्या बाकड्यावर, दोन पिशव्यांच्या मधे. आईला मात्र मानाची जागा. वयस्क बाई, ओळखीची बाई, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्या सीटवर. तिथं ड्रायव्हर धरून पाच जण. सुधाकरभाऊ अर्धे दाराबाहेर, आणि गिअरचा दांडा आईच्या गुडघ्यापाशी. आईला त्याचा अभिमान होता. "मले कोनी मागं बसवत नाही," असं ती शेजारणींना सांगायची. त्या जागेवर ना पट्टा, ना धरायला काही. समोर लोखंडी डॅशबोर्ड. याला आपण मान म्हणतो.

वळणावर कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे लाल फडकंसुद्धा नाही. सुधाकरभाऊंनी ब्रेक मारला, उशिरा मारला. धडक फार जोराची नव्हती. काच तडकली, मागचे आम्ही एकमेकांवर आदळलो, कोणाचं नाक फुटलं, कोणाचं डोकं. आईचं मनगट मोडलं होतं, ते दिसतच होतं.

आणि मग रस्त्याच्या कडेला, निंबाच्या झाडाखाली, जे झालं त्याची मला आजही चीड येते. सुधाकरभाऊंनी हात जोडले. "बापा हो, पोलीस केस झाली त् जीप ठान्यात सडन. लेकराईच्या तोंडाकडे पाहा." आणि त्यांनी एकेकाला गोष्ट वाटून दिली. "तुमी मोटरसायकलवरून पडले. भाऊ, तुमी वावरात. काकू, तुमी जिन्यावरून."

"जिना कुठं हाय रे आपल्या घरी?" आई मनगट धरून म्हणाली.

"कोन पाहाले येते काकू?"

दोघं-तिघं हसले. रक्त पुसता पुसता हसले. कोणी धमकी दिली नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. चौदापैकी एकही माणूस नाही म्हणाला नाही. त्या चौदांत मी होते. रेशन दुकानदाराशी भर चौकात भांडणारी मी. कारण काय? आपला माणूस आहे.

जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या सकाळी आमच्या जीपमधली सहा माणसं पोचली आणि सहाही जण वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले होते. तरुण डॉक्टर होते. त्यांनी नीट विचारलं, हे मी मुद्दाम लिहिते.

"कसं लागलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "जिन्यावरून पडली. चार पायऱ्या."

चार! आकडासुद्धा माझाच.

"पोटात, छातीत दुखतं का आजी?"

"नाही बाबा. हातच दुखते."

तिच्या डाव्या कुशीत दुखत होतं. पण चार पायऱ्यांवरून पडलेल्या बाईच्या कुशीत काय म्हणून दुखेल? गोष्ट एकदा ठरली की दुखणंही गोष्टीप्रमाणे सांगावं लागतं. डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं, चक्कर आली, पोट दुखलं तर लगेच या असं सांगून घरी पाठवलं. चार पायऱ्यांसाठी हे पुरेसं होतं. जीपच्या धडकेसाठी नव्हतं. अपघात कसा झाला यावरून डॉक्टर कुठं शोधायचं ते ठरवतात. ते आपण सांगितलंच नाही तर ते आपण दाखवू तिथंच पाहणार.

मंगळवारी आईचा डावा खांदा दुखायला लागला. मी बाम चोळला. बाम! पोटात साचलेलं रक्त वर श्वासाच्या पडद्याला टोचतं आणि कळ खांद्यात निघते, हे मला नंतर कळलं. खांद्याला मार नाही आणि खांदा दुखतो, आडवं झालं की जास्त दुखतो, तर बाम ठेवून द्या आणि दवाखाना गाठा. मी गाठला नाही. बुधवारी सकाळी ती मोरीतून उठता उठता खाली बसली. "अंधार आला व डोयासमोर," एवढंच म्हणाली.

मी ओरडत गल्लीत आले. पहिले धावून आले ते सुधाकरभाऊ. भावाची गाडी काढली, आईला उचलून मागच्या सीटवर निजवलं, आणि आम्हाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. सोनोग्राफी चालू होती तेव्हाही ते पडद्याजवळ उभे होते. हातात आईच्या चपला.

तर मी म्हणाले, जिन्यावरून.

मॅडमनी मशीन बाजूला ठेवलं. आईचा पदर सारून त्यांनी डाव्या बरगड्यांवर बोट टेकवलं. आई कळवळली. तिथं एक आडवा निळा पट्टा होता, वीतभर लांब, सरळ. दोन दिवस आई साडीनं तो झाकून होती.

"हा जिना नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी पोलीस नाही. मला फक्त कळायला हवं की पोटावर काय आदळलं, किती जोरात. त्यावरून मी ठरवणार आहे की अजून काय काय फाटलं असेल. बीपी ऐंशी आहे. माझ्याकडे वेळ नाही. बोला."

पडद्याजवळ तो माणूस उभा होता, ज्यानं तासाभरापूर्वी माझ्या आईला उचललं होतं.

"जीपचा अपघात," मी म्हणाले. "सोमवारी. आमी खोटं सांगितलं."

"कुठं बसल्या होत्या?"

"पुढं. ड्रायव्हरजवळ."

"काय लागलं? डॅशबोर्ड? गिअर? पोटात काही घुसलं, दाबलं गेलं?"

मला माहीत नव्हतं. मी मागे, दोन पिशव्यांच्या मधे. आई गुंगीत. पाहिलं होतं एकाच माणसानं. मी वळले.

"सुधाकरभाऊ, सांगा."

"म्या... म्या त् समोर पाहून राह्यलो होतो."

"समोर पाहत असता त् ट्रॉली दिसली असती!" मी किंचाळले. आजूबाजूचे पेशंट वळून पाहायला लागले. "आई मरून राह्यली तिकडे. तुमची जीप ठान्यात सडली तरी लोखंड हाय ते. बोला!"

ते चपलांकडे पाहत राहिले.

"डॅशबोर्डाची पट्टी," ते म्हणाले. "कोपरा निघालेला हाय तिचा. काकू कुशीवर आदळल्या. अन् बाजूचा मानूस त्याईच्या वरतं पडला. चांगला भारी मानूस होता. दोघाईच्या मधात दबल्या त्या." मग हळूच, "म्याच चालवत होतो मॅडम."

मॅडमनी मान हलवली आणि त्या कामाला लागल्या. त्यांना सुधाकरभाऊंच्या कबुलीशी काही घेणं नव्हतं. दोन सलाईनी, रक्ताची मागणी, सीटी स्कॅन. सीटी म्हणजे पोटाच्या आडव्या चकत्या काढल्यासारखे फोटो. त्यात कळलं: नववी आणि दहावी बरगडी मोडलेली, स्प्लीनला खोल चीर, आणि स्वादुपिंडाच्या शेपटाला मुका मार. हे शेवटचं दाबल्यामुळे. ते शोधायचं हे सुधाकरभाऊ बोलले म्हणून आधीच ठरलं होतं, असं मॅडम मला पुढे म्हणाल्या.

एमएलसी झाली. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. नाव ऐकून आपले लोक गारठतात. तिचा अर्थ एवढाच, की डॉक्टर अपघाताची नोंद करतात आणि पोलीस चौकीला कळवतात. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. आधी उपचार, मग कागद. माझ्यासमोर तसंच झालं. उलट ती नोंद नसेल तर पुढे विम्याचा दावा करायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. जिन्यावरून पडलेल्या माणसाला कुठला विमा?

"रक्त देऊन बघू," मॅडम म्हणाल्या. "बीपी टिकलं तर ऑपरेशन टळेल. दर सहा तासांनी हिमोग्लोबिन तपासू. खाली आलं तर पोट उघडावं लागेल."

मग सुरू झालं थांबणं. आयसीयूबाहेर लाद्यांवर सतरंज्या टाकून बसलेले आम्ही सगळे. घाटंजीच्या एक मावशी होत्या, त्यांचा नवरा आत. त्या मला डब्यातली भाकर द्यायच्या आणि विचारायच्या, "किती आलं व?" मी आकडा सांगायची. आठ पॉइंट दोन. मग आठ. मग सात पॉइंट एक. आकडा सांगणारी नर्स दारात दिसली की मी सतरंजीवरून उठून पुढे जायची.

गुरुवारी दुपारी मॅडम स्वतः बाहेर आल्या. "आता थांबता येणार नाही. स्प्लीन काढतोय. सही करा."

मी सही केली. मग विचारलंच. "सोमवारी खरं सांगितलं असतं तर?"

त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "सोमवारी सोनोग्राफी झाली असती. त्याच दिवशी ॲडमिट झाल्या असत्या. स्प्लीन कदाचित वाचली असती. खात्री नाही देत. कदाचित."

हा 'कदाचित' मी जन्मभर वागवणार आहे.

ऑपरेशन अडीच तास चाललं. त्या अडीच तासांबद्दल मला लिहिता येत नाही. दार उघडलं, मॅडमनी मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "रक्त थांबलं." मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. घाटंजीच्या मावशींनी माझं डोकं मांडीवर घेतलं.

स्प्लीन नसलेला माणूस जगतो, कामही करतो. पण जंतूंशी लढणारा एक अवयव गेलेला असतो. आईला ठरावीक लशी टोचल्या, पुढच्याही आहेत. आता तिला साधा ताप असा काही उरलेलाच नाही. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टरला पहिलं वाक्य: माझी स्प्लीन काढलेली आहे.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी आई वॉर्डात आली आणि शुद्धीवर पूर्ण आल्या आल्या तिनं मलाच धारेवर धरलं. "कायले सांगतलं व तू? त्याच्या पोट्ट्याचं कसं होईन?"

"आई, तू मेली असतीस."

"मेली त् नाही ना."

"जबाब घ्यायला पोलीस येणार हाय. खरं सांगजो."

तिनं तोंड फिरवलं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातानं पाणीही प्यायली नाही, नर्सला मागितलं. सुधाकरभाऊ बुधवारनंतर फिरकले नव्हते. जीप जमा झाली, हे गल्लीतून फोनवर कळलं. आणि गल्लीचं मतही कळलं: शिकलेली पोट्टी, शेजाऱ्याच्या पोटावर पाय दिला. कोणाच्या पोटातली स्प्लीन गेली, ते कोणी विचारलं नाही. विचारू नका. पण इतरांसाठी सांगते, अपघात झाला की गाडीचा नंबर आणि शेजारी बसलेल्या दोघांची नावं तेवढी लिहून घ्या. जीपमधल्या बाकीच्या प्रवाशांपैकी आज साक्षीला दोघं तयार आहेत. बाकीचे अजून वावरात नाहीतर मोटरसायकलवरूनच पडलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आले. वयस्क, कंटाळलेले. स्टूल ओढून बसले, गुडघ्यावर कागद ठेवला. मी आईकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता जिना येणार.

"बोला मावशी. कुठं पडल्या?"

आई छताकडे पाहत होती.

"पडली नाही," ती म्हणाली. "बसली होती. जीपीत. समोरच्या शिटावर पाच जन होतो. लिहा."

हवालदारांनी लिहिलं.

"ड्रायव्हर कोण?"

"सुधाकर. आमच्या गल्लीतला. ब्रेक उशिरा मारला त्यानं. मागं पाहून गप्पा करून राह्यला होता." एक श्वास घेतला, टाके ताणले असावेत. "अन् जिन्याच्या खोट्याले मीही होय म्हनलं. हेही लिहा."

"लिहिलं. बस, मावशी?"

"नाही. बुधवारी मले उचलून इथं कोनं आनलं, तेही लिहा. सुधाकरनंच आनलं. अन् डाक्टरीन बाईले काय लागलं तेही त्यानंच सांगतलं."

"मावशी, ते इथं लिहायची गरज नसते."

"तुमाले नसन. मले हाय," आई म्हणाली. "लिहा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं आणि लिहायला लागले.