जावयाच्या ताटलीवर नेम

नांदगाव पेठेत देवाला न भिणारी माणसं सापडतील, पण माझ्या घरमालकीण आजींच्या गुलेलीला न भिणारा डबा सापडायचा नाही. सत्तरी उलटलेली बाई, आणि कमरेला किल्ल्यांच्या जागी पेरूच्या फांदीची गुलेल. सायकलच्या ट्यूबचं रबर त्या इतकं ताणून पारखायच्या, की त्या लांबून दिसल्या तरी पंक्चरवाला दुकान सोडून चहाला निघून जाई. गोळ्या काळ्या मातीच्या, घरी वळलेल्या, सांडग्यांच्या शेजारीच उन्हात वाळत घातलेल्या. एकदा मी त्यातली एक सांडग्यांबरोबर तळलीसुद्धा. आजींनी ती चावून पाहिली आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलं वं."

आठवीतून शाळा सोडलेली मी, पार किनवटकडून इथल्या कपड्याच्या कारखान्यात आले होते. पँटच्या खिशाची शिलाई महिनाअखेरीपर्यंत सरळ आली तर नोकरी, नाहीतर घरची वाट. एकटी असले की माझी शिलाई ओळंब्यासारखी यायची. सुपरवायझर साहेब पाठीमागं येऊन उभे राहिले की गांडुळासारखी. परत जाऊन आईला तोंड कसं दाखवू, या काळजीनं भाकर गिळवत नव्हती. आजींनी ते ताटावरूनच ओळखलं आणि साहेबांचं सगळं माझ्याकडून वदवून घेतलं.

"काहून वं, थो मानूस वाघ हाय का?"

"नाही हो आजी. पण मागं कोणी उभं राहिलं की माझा हातच थरथरतो."

"मंग आजपासून मी मागं उभी राहतो. धर गुलेल."

त्यांचा एक कायदा होता, जित्या जिवावर नेम धरायचा नाही. म्हणून घरामागच्या मातीच्या भिंतीपुढं दोरीवर सगळं खानदान टांगलेलं होतं. तेलाचा मोठा डबा म्हणजे सासू, कोणालाही लागणारी. चेपलेली ताटली म्हणजे जावई. आणि टोकाला औषधाच्या बाटलीचं इवलंसं पत्र्याचं बूच, ती धाकटी सून; कितीही नेम धरा, बोलायचीच नाही. सासूपासून सुरुवात, आणि ती सलग वाजल्याशिवाय पुढच्या नातेवाइकाकडं जायचं नाही. नेम चुकला की उखाणा घ्यायचा. माझं लग्न कुठं झालेलं? मग मी शिलाई मशीनचं नाव घ्यायचे. एकदा खरे जावईबापू अकोल्याहून आले, तर आजींनी चहाआधी त्यांच्या हाती गुलेल दिली. ते स्वतःच्याच ताटलीला चुकले, आणि दोन नातवंडांच्या त्या आजोबांनी अंगणात लाजत बायकोचं नाव घेतलं.

माझ्या वेळी मात्र आजी मानेपाशी उभ्या राहून बोलत सुटायच्या. "पाय वं, कशी थरथरली! गेली गोळी भिंतीत! अवं डोया उघड, का झोपून राहिली?" तेवढ्यानं भागेना, तर शेजारच्या दोघी जावांना खास चिडवायला बोलवायच्या. आधी मला रडू यायचं, मग राग, मग हसू. हसता हसता एका संध्याकाळी सून टणकन वाजली. शेजारणींनी टाळ्या पिटल्या. आजी म्हणाल्या, "चुकून लागली. परत हाण." परत हाणली. परत लागली.

महिनाअखेरीला, परीक्षेच्या दिवशी साहेब मागं येऊन उभे राहिले. ते काहीच बोलेनात, म्हणून मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी आजींचे टोमणे मनातल्या मनात म्हणत खिसा शिवला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "चालेल," म्हणाले.

मी पक्की झाले, आणि कंपनीनं मला अकोल्याच्या नव्या युनिटात पाठवलं. निघताना आजी रडल्या वगैरे नाहीत. "खोली उद्याच दुसऱ्या पोरीले देतो," एवढंच बोलल्या.

रविवारी फोन केला की मी विचारते, "आजी, खोली दिली का हो?"

"येतेत वं पोरी, पाहून जातेत," त्या म्हणतात. "काल एक आली होती. पन तिचा हात आधीच सरळ. तिले ठेवून मी करू काय?"