हाताला न लागलेलं बटण

शांती नगरातलं हे तळमजल्याचं घर आम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घेतलं. मुंबईतल्या चाळीचा जिना त्यांना चढवेना. तेव्हा रस्ता खाली होता आणि घर वर. पुढे रस्त्यावर काँक्रीट चढलं, मग आणखी चढलं, आणि आम्ही जागचे न हलता खाली गेलो. आता जोराचा पाऊस झाला की पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून येतं. गटाराचंच ते. त्याचा वास गणपतीपर्यंत घरातून जात नाही.

माझ्या नवऱ्याचा उपाय ठरलेला: लादीवर लादी. भराव घालायचा, वर नवी फरशी बसवायची, दारं खालून कापायची. आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी हेच केलंय. एकाने घर उचललं की पाणी शेजारी वळतं, मग शेजारी उचलतो. आम्ही दोनदा उचललं. पंखा डोक्याला लागेल म्हणून काढून भिंतीवर लावला.

यंदा मी हट्टच धरला. पावसाच्या आधी घर विकायचं आणि लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायचं. नवरा "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"वरच आमचा संसार चाललाय. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय, माझी खुर्ची ठेवाल तिथे बसेन." भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर आम्ही रंग मारला. गुडघ्याशी आलेली खिडकी मी सोफ्याआड लपवली.

जवळच्याच पूनम सागर वसाहतीतून एक गृहस्थ घर बघायला आले, सोबत वॉकर धरलेले त्यांचे वडील. त्यांनाही तळमजलाच हवा होता. त्या म्हाताऱ्यांकडे बघायचं मी टाळत होते. लाज वाटत होती, पण सुटायची घाई त्याहून मोठी होती. "घर अच्छा है," गृहस्थ म्हणाले आणि आतल्या खोलीत शिरताना त्यांनी न बघताच दिव्याच्या बटणाकडे हात नेला. हात कोऱ्या भिंतीवर फिरत राहिला. आमची बटणं मांडीशी आहेत. जमीन वर आली, बोर्ड जिथल्या तिथे राहिले. आम्हाला वाकायची इतकी सवय झालीय, की एवढी लपवाछपवी करताना हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्यांनी खाली पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"कितनी बार उठाया?"

"दो बार," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "फिर भी आता है."

वडिलांना सोबत घेऊन ते निघून गेले. मला सासूबाईंचा भयंकर राग आला, आणि कुठेतरी हायसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने वायरमनला बोलावलं. बोर्ड वर घेतले की पुढच्या गिऱ्हाईकाला कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. वायरमनने खांद्याच्या जरा खाली, चारचौघांच्या घरात असतं तिथे, भिंतीवर पेन्सिल टेकवली.

"और ऊपर लो," मी म्हणाले.

"आता आणखी वर कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"पुन्हा लादी चढवली की बरोबर येईल."

बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. वायरमनने पेन्सिल फूटभर वर नेली आणि खूण केली.

आता सासूबाई काठीच्या टोकाने दिवा लावतात.