पानं हलली नाहीत

सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, आमच्या कॉलेजात एक अजब रीत होती. प्रयोग करायच्या आधीच प्रयोगाची वही लिहून आणायची. तिला सगळे रेकॉर्ड म्हणत. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि वर निष्कर्षसुद्धा. सगळं आदल्या दिवशी घरी बसून, गाइडातून उतरवून. नाहीतर प्रयोगशाळेच्या दारातूनच परत. म्हणजे बारसं आधी आणि बाळंतपण मागाहून! मला हे कधीच पटलं नाही. मी निरीक्षणाच्या ओळी कोऱ्या ठेवून जायचे आणि तिथे दिसेल ते भरायचे. वर्षाच्या सुरुवातीला कुणी बघितलंही नाही.

फिजिक्स मला बाबांनी शिकवलं, कॉलेजने नव्हे, हे आधीच सांगून टाकते. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून इथे कन्नड मुलखात येऊन राजाजीनगरात राहिलो होतो. विद्युतक्षेत्र म्हणजे काय ते माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा ते मला ओट्यापाशी घेऊन गेले. आई मिरचीची फोडणी देत होती. म्हणाले, कढईपाशी ठसका जोरात लागतो, दारात कमी, गच्चीत नावापुरता. आणि ठसकायला घरात कुणी नसलं, तरी खकाणा हवेत असतोच की नाही? चार्जभोवतीचं क्षेत्र तसंच. दुसरा चार्ज तिथे आला की त्याला जोर जाणवतो, इतकंच. फक्त अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. ते फोडणीला विचारू नकोस, म्हणाले. आई म्हणाली, विचारायचंच असेल तर ती करपायच्या आत विचारा. असं हसतखेळत चालायचं. पण एका गोष्टीला ते हसायचे नाहीत. दिसलं तेच लिहायचं, असं बजावायचे.

तर ऑगस्टात इलेक्ट्रोस्कोपचा प्रयोग आला. काचेच्या पेटीत एक पितळी दांडी, तिच्या डोक्यावर चकती आणि खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं. काचेची कांडी रेशमावर घासून चकतीला लावायची. दोन्ही पानांवर एकाच जातीचा चार्ज येतो, एका जातीचे चार्ज एकमेकांना ढकलतात आणि पानं फाकतात. एवढं सोपं. पण चार दिवस बसवनगुडीवर, आमच्या कॉलेजच्या भागात, भुरभुर चालली होती, हातरुमालसुद्धा वाळत नव्हता. मी घास घास घासली, खांदा भरून आला. पानं हलली नाहीत. पंधराजणी होतो, एकीचीही हलली नाहीत. आणि तरी कुणी तोंडातून ब्र काढला नाही, कारण चौदाजणींच्या रेकॉर्डात ती आदल्या दिवशीच उघडलेली होती!

मी लिहिलं : पानं हलली नाहीत. हवा दमट आहे. कांडीवर ओल बसून चार्ज निसटत असावा.

नुसतं लिहून थांबले नाही. त्याच संध्याकाळी बाबा आणि मी जॅमच्या बाटलीत तांब्याची तार आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या लटकवून घरचा इलेक्ट्रोस्कोप केला. आधी तशीच कांडी घासली. काही नाही. मग कांडी, रेशमाचा तुकडा, बाटली, सगळं गरम इस्त्रीजवळ धरून कोरडं केलं आणि परत घासली. पट्ट्या फटकन फाकल्या. बाबा इतके खूश झाले की त्यांनी आईला हातातलं काम टाकून यायला लावलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी माझ्या पानावर लाल शाईची फुली मारली आणि सही न करता वही परत ढकलली. मी म्हटलं, सर, मला पाच मिनिटं आणि एक पेटता बर्नर द्या, मी पानं उघडून दाखवते. ते म्हणाले, तो प्रयोग संपला, कपाटाला कुलूप लागलं. मी पुन्हा हवेबद्दल सांगू लागले, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "परीक्षकाला निकाल हवा असतो. हवामानखातं नको."

मुली हसल्या. त्याच चौदाजणी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नाड्या सरांच्या हातात होत्या. एकाही प्रयोगाची सही राहिली तर रेकॉर्ड प्रमाणित होणार नव्हता, आणि रेकॉर्डाशिवाय बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. म्हणजे वर्ष बुडालं. सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आणि शनिवारी वडिलांना घेऊन यायला सांगितलं.

मी म्हटलं, बरं झालं. बाबा येऊन ह्यांची चांगली जिरवतील. जॅमची बाटली पिशवीत घालून नेली होती मी, वेडी. बाबा आले, स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, स्वल्प हट्टी आहे पोरगी, लिहून आणेल. पिशवीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसमध्ये मी त्यांच्या शेजारची जागा सोडून उभ्याने घरी आले.

आईचं पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, हे ऐकवून झालं. रविवारी संध्याकाळी बाबांनी ब्लेडने माझं पान कापून काढलं, नवं चिकटवलं आणि स्वतः पट्टी घेऊन आकृती काढायला बसले. पानं छान फाकलेली, दोन्ही बाजूंना सारखी. मला राहवेना.

"बाबा, दिसलं तेच लिहायचं, हे मला कुणी शिकवलं?"

ते रेघ ओढत राहिले. मग पेन्सिल खाली ठेवली. "मागच्या आठवड्यात मी एका चाचणीच्या अहवालावर सही केली. यंत्र चाललं, असं लिहिलंय त्यात. ते चाललं नव्हतं."

आईने गॅस बंद केला. मी दोन दिवस मनात भांडण घोकलं होतं. मला तेव्हा ओरडायला हवं होतं. कुणाचं यंत्र, कुणी सही मागितली, तुम्ही का दिलीत, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. त्यांच्या हातातून पान ओढून घेतलं आणि माझ्या सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने लिहिलं : पानं उघडली.

सोमवारी सरांनी सही केली. करताना ते दुसऱ्या सरांशी बोलत होते, पान त्यांनी वाचलंही नाही. संध्याकाळी बाबा दारातून बूट न काढताच विचारते झाले, झाली का सही? मी हो म्हटलं. ते केवढ्याने तरी हसले, माझ्या पाठीवर थोपटलं आणि आईला चहा टाकायला सांगितला. सरांवरचा माझा राग केव्हाच ओसरला. बाबांच्या त्या हसण्याचा मात्र मला अजून राग येतो, कारण ते हसल्यावर मीही हसले होते.