फळ्यावर नाव लावायला गेले, टायर सोलून आले

नोकरी लागल्यावर घेतलेली जुनी छोटी गाडी एकदा मनापासून पळवायची, रस्त्यावर नव्हे, ट्रॅकवर, असं मी वर्षभर ठरवत होते. कोल्हापूरबाहेरच्या एका ट्रॅकवर रविवारी कुणीही आपली गाडी नेऊ शकतं, हे कळल्यावर नाव नोंदवलं. दिवसाच्या शेवटी वेळ मोजून एक फेरी होते आणि ती पुरी करणाऱ्यांची नावं फळ्यावर लागतात. मला तिथं माझं नाव हवं होतं.

शाहूवाडीतल्या आमच्या गावातून सकाळी निघाले. घरी "काम आहे" एवढंच सांगितलं. मी घरातली पहिली पदवीधर. तेव्हापासून "काम आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

शिवाजी पेठेत सत्तर रुपयांत झणझणीत मिसळ खाल्ली आणि नऊला ट्रॅकवर पोहोचले. तिथला पहिला नियम: स्टेपनी, जॅक, बाटल्या सगळं गाडीबाहेर काढून ठेवा. सुटी वस्तू वळणावर पायाखाली येते. मी ब्रेक ऑइल बदललं होतं, ब्रेकचे पॅड मात्र जुनेच ठेवले. ती चूक.

बाकीचे टोळीनं आलेले. एक हवा मोजतोय, एक बॉनेटमध्ये, एक नुसता ओरडतोय, "मागं म्हस बांधलीया काय रं?" मला टोमणा मारायलाही कुणी नव्हतं.

चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या टोकाला पेडल स्पंजासारखं आत गेलं. घाबरून दोनतीनदा दाबलं, तसं पुढचं एक चाक एकदम जखडलं. धूर, जळक्या रबराचा वास, आणि गाडी कडेच्या मातीत.

कशीबशी परत आणून मी हँडब्रेकला हात घातला.

"ओ ताई, वढू नका!" शेजारच्या टोळीतले वयस्क मिस्त्री धावत आले. "चाकं तापल्यात. ब्रेक चिकटून बसतील." त्यांनी चाकाखाली वीट सरकवली आणि टायर दाखवला. बाहेरची कड सोललेली, मधे तळहाताएवढा भाग घासून सपाट.

"बरोबर कोन हाय?"

"कुणी नाही."

"मग शेवटची फेरी सोडा. आमची गाडी मोडली तर ढकलायला चौघं हाईत. तुमाला हिच्यातनंच घर गाठायचंय नव्हं?"

"स्टेपनी आहे की."

"टायरची हाय. ब्रेकची आनलीया?"

फेरी सोडली. ब्रेक थंड होईतो तासभर बसून फळ्यावर इतरांची नावं चढताना बघितली. मग स्टेपनी लावून, खालच्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगानं घरी.

आबा, म्हणजे माझे वडील, दुधाचा टेम्पो चालवतात. अंगणात त्यांनी डिकीतला टायर बघितला, त्यावरनं हात फिरवला. "कुठं गेलतीस?"

सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पेडल कितव्या फेरीला बसलं, दाबल्यावर परत वर आलं का, असं एकेक विचारत राहिले. मग म्हणाले, "मला सांगायचं की. आलो असतो."

"तुमाला न्हाई आवडणार वाटलं."

"इचारलंस कवा?"

तुम्ही ट्रॅकवर जाणार असाल तर नवे पॅड टाका आणि दरवेळी आत येण्याआधीची फेरी, ब्रेक थंड व्हावेत म्हणून, शक्यतो ब्रेक न दाबता हळू मारा. मी टायर बदलला. फळ्याची हळहळही आता फारशी नाही. आबांच्या "इचारलंस कवा?"ला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.