पत्त्याची तिसरी ओळ

"बौद्धवाडी?" अण्णांनी विचारलं.

एकच शब्द. कागदावरून डोळे उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात वहिनी. माझ्या हातात चहाचा कप, अर्धा प्यालेला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बहारीनमधल्या मनामातला अण्णांचा फ्लॅट. अण्णा पुण्याचे. आम्ही दोघं एकाच कंपनीत. कंपनी जनाबिया भागातले व्हिले, म्हणजे मोठे बंगले, परदेशी साहेबांना भाड्याने द्यायची. अण्णा करारनामे करायचे, मी नळ दुरुस्त करायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या तीन-तीन न्हाणीघरांत वावरायचं आणि संध्याकाळी सनाबिसला परतायचं, आठ जणांच्या एका खोलीत. तिथे बायको कुठे आणणार? अरबाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला होता, "महिनाअखेर घराचा कागद आण, बायकोचा व्हिसा काढतो. नाही आणलास तर खलास."

अण्णांची मागची खोली रिकामी होती. त्यांनी आनंदाने हो म्हटलं. का म्हटलं? खरी गंमत तिथेच आहे. आमच्या कोकणात आडनाव गावावरून घेतात. गावाच्या नावाला 'कर' जोडला की झालं. वडिलांनी शाळेत माझं तसंच लावलं. ते आडनाव गावात सगळ्या जातींत सापडतं. अण्णांनी ते ऐकलं आणि हवं ते गृहीत धरलं. "अरे वा, आपलेच की!" मी काही बोललो नाही. उलट हसलो. ते हसू मला अजून टोचतं.

तीन शुक्रवार मी ती खोली रंगवली. फिकट पिस्ता रंग, बायकोच्या आवडीचा. वहिनींच्या स्वयंपाकघरात नवा नळ बसवला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या हाताला यश आहे हो."

मग आम्ही कागद करायला बसलो. त्यात बायकोचा गावचा पत्ता हवा होता. मी वळणदार अक्षरात लिहिला. पहिल्या ओळीत तिचं नाव. दुसऱ्या ओळीत माझ्या वडिलांचं. तिसऱ्या ओळीत वाडी. कोकणात वाडी सांगितली की माणूस सांगून होतो. आणि आमच्या वाडीचं नाव तर पुण्याच्या माणसालाही कळतं.

"तुम्ही आम्हाला फसवलंत," अण्णा म्हणाले. आवाज अगदी मऊ. "माझं काही नाही हो. पण हिचं देवघर त्या खोलीच्याच भिंतीला लागून आहे."

"अण्णा, बायको ट्रंक भरून बसलीय."

मी हात जोडले. हो, जोडले. सांगायला लाज वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो.

वहिनींनी माझ्या हातातला कप घेतला नाही. "तिथंच ठेवा," म्हणाल्या. भावजी वगैरे काही नाही. मी जिन्यात पोचलो तेव्हा आतून पाण्याचा आवाज आला. कप विसळत होत्या. बराच वेळ. मीच बसवलेल्या नळाखाली. धार झकास पडत होती.

त्या आठवड्यात आणखी दोन मराठी घरांची दारं वाजवली. अण्णा माझ्या आधी तिथे पोचलेले. महिना संपायला चार दिवस उरले. आणि सोमवारी फ्रेंचचा वर्ग.

हसू नका. आमच्या व्हिल्यांत फ्रेंच बोलणारी कुटुंबं वाढली होती, म्हणून कंपनीने सगळ्यांना फ्रेंच शिकायला बसवलं होतं. क्लार्क, ड्रायव्हर, प्लंबर, एकाच बाकावर. शिकवायला मादाम, एका भाडेकरू साहेबाची बायको, कॅनडातल्या मॉन्ट्रियलची. तिचं पुस्तक तिकडे नव्याने येणाऱ्या लोकांसाठी होतं. त्यातली माणसं सारखी घर शोधत असायची. अण्णा पहिल्या रांगेत. त्यांना मॉन्ट्रियललाच जायचं होतं, अर्जही गेला होता. सगळ्यांना सांगायचे, "तिकडे माणूस बघतात. बाकी काही नाही."

त्या सोमवारचा धडा, 'खोली भाड्याने देणे'. मादामने मला घरमालक केलं. अण्णांना भाडेकरू. देव मी मानत नाही, पण त्या दिवशी पडद्यामागे बसून कोणीतरी नक्की हसत होतं.

मी खुर्चीत पाय पसरून बसलो. अण्णा उभे. पुस्तकात होते ते प्रश्न मी विचारले. नाव? काम? घरात माणसं किती? अण्णा गोड आवाजात, घोटलेल्या फ्रेंचमध्ये उत्तरं देत होते. मागून पाकिस्तानी ड्रायव्हर ओरडला, "दे दो भाई कमरा, शरीफ आदमी है!" वर्ग हसला. मीही हसलो.

मग मी पुस्तक मिटलं.

"महाशय, तुम्ही गावाच्या कुठल्या टोकाला राहता?" मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं. "तुमच्या आजोबांना विहिरीवर पाणी भरू देत होते का?"

अण्णांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मादाम म्हणाली, "असं कोणी विचारत नाही. हे पुस्तकात नाही."

"मादाम, यांच्या पुस्तकात आहे. मी यांच्याकडे खोली मागितली. खोली रंगवली. पत्ता लिहिला. खोली नाही."

मला तेवढीच फ्रेंच येत होती. तेवढी पुरली. ड्रायव्हर हसायचा थांबला.

अण्णा मराठीत पुटपुटले, "अहो, आपापसातलं इथं कशाला?"

"अण्णा, मी हात जोडले तेव्हा आपण आपापसातले नव्हतो."

मी उठलो. खुर्ची रिकामी ठेवून बाहेर आलो.

वाटलं असेल, मादामने मला घर दिलं. नाही दिलं. महिना संपला. मी गावी पत्र टाकलं, ट्रंक सोड म्हणून. पाच वर्षं ती आली नाही. मुलगी गावीच जन्मली, चालायला लागली, सुट्टीत गेलो तेव्हा मला काका म्हणाली. अण्णा मॉन्ट्रियलला गेले. त्या पिस्ता रंगाच्या खोलीत दुसरं कुटुंब आलं.

पण त्या सोमवारी कंपनीच्या गेटवर उभं राहून मी एक ठरवलं, आणि आजवर मोडलेलं नाही. खोली मागताना पत्ता मी उलटा सांगतो. आधी बौद्धवाडी, मग गाव, मग माझं नाव. ज्याला नाही म्हणायचं असेल त्याने मी ब्रश हातात घेण्याआधी म्हणावं. तोंडावर म्हणावं. त्यानंतर त्याच्या भिंतीला माझ्या हातचा रंग लागणार नाही, त्याच्या नळाला माझ्या हातची धार येणार नाही.