गुडमारचा पाला

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझ्या अंगात भारी शहाणपण शिरलं होतं. प्रकल्पाला विषय घेतला होता गुडमार. त्याच्या पाल्याचा अर्क काढायचा, मधुमेह झालेल्या उंदरांना पाजायचा आणि त्यांच्या रक्तातली साखर तपासायची. सुट्टीत गावी, डोंगरकड्याला, घरी आले ती पिशवीभर पाला आणि एक रोप घेऊनच. आईला शुगर होती, रोजची गोळी चालू होती. तिला म्हटलं, ये, तुला गंमत दाखवते.

दोन पानं चघळायला दिली आणि मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. आई थू थू करायला लागली. तिला ती वाळूच वाटली. हा पाला जिभेची गोडाची चव थोडा वेळ घालवतो, बस, एवढंच. पण मी काय म्हणाले? "बघ, मेली साखर!" आणि वर खो खो हसले. तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आईनं ते खरं धरलं. तोंडातली साखर मरते तर अंगातली काहून मरणार न्हाई, असं तिचं म्हणणं. ते रोप तिनं परसात लावलं. रोज सकाळी पाला चघळायची, वर साखर चाखायची, गोड लागली नाही की शुगर उतरली म्हणायची. एवढीच तिची तपासणी. पाला सुरू केलाय हे तिनं मला फोनवर सांगितलंही होतं. मी बाई उंदरांच्या नोंदीत गुंतलेली! घे की, काही वाईट नाही, म्हणाले आणि फोन ठेवला. गोळी चालू आहे का, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. गोळ्या तिनं केव्हाच बंद केल्या होत्या.

हळद शिजवायच्या दिवसांत कढईजवळ तिचा पाय भाजला. शुगर वाढून पाय बधिर झालेला, तिला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा त्यावर हळद दाबली आणि कामाला लागली. मी घरी आले तोवर पायाला वास येत होता. नांदेडला नेलं, तिथं गुडघ्याखालून पाय काढावा लागला. माझ्या प्रकल्पाचं मात्र कॉलेजात कौतुक झालं. त्या कौतुकाला आग लागो.

परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांनाही नुकतीच शुगर निघालेली. आईनं बाजेवर बसल्या बसल्या त्यांच्या हातावर पाला ठेवला.

"माह्या लेकीनं हुडकलंय हे. मीच उशिरा सुरू केलं, न्हाई तं पाय वाचला असता."

माझं डोकंच फिरलं. काकूंच्या हातातला पाला हिसकावून मी अंगणात भिरकावला. सांगितलं, याच पाल्याच्या भरवशावर हिनं गोळी सोडली आणि म्हणून पाय गेला; तुम्ही गोळी सोडू नका. काकू उठून गेल्या.

आई माझ्याकडे वळली.

"मंग मी फोन केला तवा काहून न्हाई सांगितलंस?"

मी खाली बसून अंगणातला पाला गोळा करायला लागले.