नानांच्या उजेडाचा हेवा

सुधाकरनानांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी दोनदा टाळले. नानांविषयी आदर नाही असे नाही. पण आदरापेक्षा हेवा जास्त आहे आणि गौरवग्रंथात खोटे लिहू नये, असे मला वाटते.

पहिली भेट धुळ्याच्या एका नाट्यस्पर्धेत झाली. मी मुंबईत प्रकाशयोजना शिकून जळगावात परतलेला, टेम्पोभर दिवे घेऊन गेलेला. नाना तिथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. विद्यार्थ्यांचे नाटक घेऊन ते आले होते आणि त्यांच्याकडे दिवे होते सहा. सावद्याच्या एका विद्यार्थिनीने पत्र्याला चिरा पाडून तो दिव्यापुढे लावला आणि रंगमंचावर केळीच्या बागेतली दुपार उतरली. वाऱ्याने फाटलेल्या पानांतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी येते, हुबेहूब तसे. बक्षीस अर्थातच तिला. मी अभिनंदनाला गेलो, तर नाना म्हणाले, "भाऊ, तुमचे दिवे फार सुरेख. कुठून आणले?" कामाबद्दल चकार शब्द नाही! त्या प्रश्नात खोच नव्हती, हे कळायला मला दहा वर्षे लागली.

निवृत्तीनंतरही नाना प्रकाशयोजना शिकवतात आणि त्यांची शिकवण्याची रीत तर अजबच. पहिला महिनाभर ते कुणाला दिव्याला हात लावू देत नाहीत. घरातली एक जागा निवडायची, तिथला उजेड पुन्हापुन्हा वहीत टिपायचा आणि मग तोच रंगमंचावर उभा करायचा. नट नाही, संवाद नाही. किती वाजलेत आणि तिथे कोण बसत असेल, ते बाकीच्यांनी ओळखायचे. मी याला पोरखेळ म्हणायचो, तेही चारचौघांत.

ते नानांच्या कानावर गेले नसेल, असे नाही. तरीही माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी ते एसटीने जळगावला आले, माझ्या नाटकाची प्रकाशयोजना त्यांनी केली आणि पत्रिकेवर नाव माझेच राहू दिले. "हे तुमचं सगळ्यात चांगलं काम," असे लोक मला अजून सांगतात. मी "धन्यवाद" म्हणतो.

गेल्या वर्षी माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "पप्पा, मला नानांकडे शिकायचंय." जळून खाक झालो. ती धुळ्याला राहायला गेली. शनिवारी घरी यायची, तेव्हा मी कामापुरते बोलायचो. तिच्या प्रकल्पाच्या दिवशी नानांनी फोन केला, "भाऊ, या. नाहीतर मी घ्यायला येतो."

गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. रंगमंचावर फक्त एक रिकामी खुर्ची होती. उघड्या दारातून यावा तसा तिरपा, पिवळसर उजेड तिच्या हातांवर पडलेला, पाठीशी काळोख. शिरपूरकडचा एक विद्यार्थी अहिराणीत म्हणाला, "संध्याकायना पाच वाजनात. आठे कोनीतरी वाट देखी राहिना." म्हणजे, इथे कुणीतरी वाट बघतंय. शेजारची मुलगी म्हणाली, "रुसलंय, पण दार लावत नाहीये."

जागा आमच्या पडवीतली होती. शनिवारी एसटीच्या वेळेला मी तिथेच बसायचो आणि मुक्ता फाटकाशी दिसली की पेपर तोंडापुढे धरायचो. मला वाटायचे, तिला काही कळत नाही.

मी तिला दिव्यांची नावे शिकवली. माझ्याकडे बघायला तिला नानांनी शिकवले. याचा हेवा मी कुठे ठेवू?

नाना, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो. मी तुमच्यावर जळायचे थांबणार नाही. मात्र आता शनिवारी मी पेपर घेऊन बसत नाही.